पिन बसली, पण वीज जुळली का?



मार्गशीर्ष लागला की आपल्या खानदेशातल्या वाटा सारंगखेड्याकडे वळू लागतात. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताचे दर्शन, तापीकाठचा घोडेबाजार, आणि हौशी मंडळींचा पोराबाळांसह तीन-चार दिवसांचा मुक्काम. आमच्या लहानपणी हा मुक्काम बैलगाडीखाली व्हायचा. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री ताणली की घर उभे राहते. घर म्हटले की दिवा आला, मोबाईलचे चार्जिंग आले, आणि थंडीचे दिवस म्हणून पाणी तापवायचा रॉडही आला. ट्रॉलीला काही मीटर नसते. वीज घ्यायची ती शेजारच्या दुकानाच्या बोर्डावरून, वायर ओढून.

सोनगीरला अशीच एक ट्रॉली भरताना पाहून मी थांबलो होतो. अंथरुणे, कडबा, पिठाचा डबा, आणि एका खोक्यात रॉड, वायरचे वेटोळे व एक पांढरा कन्व्हर्टर. "हा कशाला?" मी विचारले. घरधनी म्हणाले, "रॉडची पिन मोठी, दुकानाचा बोर्ड लहान. हे मधे लावलं की बसते. काही व्हस नही, भाऊसाहेब."

त्या 'काही व्हस नही'साठी आजचा हा मजकूर.

आपल्याकडे तीन पिनांचे प्लग दोन मापांचे असतात. लहान ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा. जुन्या बोर्डांवर हेच आकडे ५ आणि १५ असे दिसतील. मोठी पिन लहान भोकात जाऊ नये म्हणूनच ती मोठी केलेली आहे, बरे का. ती कंपनीची खोडी नव्हे, अडसर आहे. कन्व्हर्टर हा अडसर काढून टाकतो आणि बदल्यात काहीच देत नाही. तो फक्त आकार बदलतो. मागची वायर, स्विच आणि फ्यूज होते तेवढेच राहतात.

आता हिशेब करू. घरातली वीज २३० व्होल्टची. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागले की अँपिअर निघतात. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते, दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा, आणि दोन हजार वॅटचा हीटर पावणेनऊच्या आसपास. म्हणजे दीड हजाराचा रॉड एकटाच ६ अँपिअरच्या बोर्डाला जड. त्यात त्याच बोर्डावर दुकानदाराचे दिवे, मिक्सर आणि आणखी दोन ट्रॉल्यांच्या वायरी. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. जिथे पिन सैल बसली असेल तिथे ती साठते. प्लास्टिक आधी पिवळे पडते, मग मऊ होते, मग वास येतो. रात्री मंडळी झोपलेली, वर ताडपत्री आणि खाली कडबा. पुढचे मी सांगायला नको.

फ्यूज उडेल असे म्हणाल, तर जत्रेतल्या कटआऊटमध्ये फ्यूजची तार असतेच असे नाही. एकदा-दोनदा उडाली की कोणीतरी तिथे जाड तार पिळून देतो. मग फ्यूज उडत नाही, वायर जळते.

दुसरी गोष्ट याहून कठीण, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. तीन पिनांतली वरची पिन लांब व जाड का असते? ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे आत जाताना ती आधी टेकते व निघताना शेवटी सुटते, म्हणजे वीज आत खेळते तोवर उपकरणाच्या धातूच्या अंगाला जमिनीचा आधार असतो. तीन पिनांचे दोन पिनांत करणारे जे अडॅप्टर मिळतात, त्यांत हा आधारच तुटतो. काही जण तर पिनच कापून टाकतात. दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? नोकरीच्या पहिल्या वर्षी भाड्याच्या खोलीत दोन पिनांचाच बोर्ड होता, तेव्हा इस्त्रीची वरची पिन मी स्वतः हॅक्सॉने कापली होती. पुढे आठ-दहा दिवस इस्त्रीला हात लागला की मुंग्या येत. मी ते 'थोडेसे करंट मारते' म्हणून चालवून घेतले. एके दिवशी ओल्या पायांनी उभा होतो, तेव्हा तिने मला भिंतीवर फेकले. बी.एस्सी. झालेला माणूस, आणि ही अक्कल!

रॉडच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. आपल्या सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली. घंगाळ, हंडा घरोघर. रॉडच्या नळीला बारीक तडा गेला तर पाणी, घंगाळ आणि पाणी उपसणारी बाई या तिघांतून वीज जमिनीला जाते, कारण प्लगमधली अर्थिंगची वाट बंद असते. भगिनींनो, पाणी तापले का ते बोट बुडवून पाहण्याआधी स्विच बंद करून प्लग उपटलाच पाहिजे. घरीसुद्धा. आणि जत्रेत रॉड नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तीन विटांची चूल पाणी तापवते आणि शेकोटीही होते.

परदेशातही हेच गाऱ्हाणे आहे. अमेरिकेत लोक चाकांवरचे आख्खे घर घेऊन हिंडतात आणि मुक्कामाच्या मैदानावर खांबाला प्लग लावतात. मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरचा प्लग, मैदानावर पुष्कळदा ३० अँपिअरचाच खांब. अडॅप्टर लावून गाडी जोडता येते, पण मग बारा हजार वॅटच्या जागी छत्तीसशे वॅटच मिळतात आणि एकेक यंत्र बंद ठेवावे लागते. तिकडच्या जाणत्यांना हे ठाऊक असते. नवखे प्लग वितळवून शिकतात.

आपल्या मळ्यात याच चुकीचा एक गावठी अवतार आहे. विहिरीवर तीन फेजची लाईन, न्यूट्रल नाही, आणि खोपटात एक बल्ब हवा. मग एक फेज स्टार्टरमधून आणि दुसरे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. बल्ब लागतो, हे खरे. पण ती सळई आणि तिच्या भोवतालची जमीन विजेची होते, आणि जमीन कोरडी असेल तर जास्तच. बैलाचे पुढचे पाय सळईजवळ व मागचे चार हात लांब असले की दोन्ही पायांमध्ये दाब पडतो. माणसापेक्षा जनावर आधी जाते ते यामुळे. दोन फेज घेतले तर ४०० व्होल्टच्या वर मिळतात आणि बल्ब फुटतो. हे दोन्ही करू नका.

जत्रेला जायचेच तर काय न्यावे? एलईडीचे दिवे आणि मोबाईलचे चार्जर. सगळे मिळून शंभर वॅटही होत नाहीत, आणि ज्या चार्जरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला अर्थिंग लागत नाही. लायसनवाल्या वायरमनकडून एक छोटी पेटी बनवून घ्यावी: ६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे, माणसासाठी आरसीसीबी. झटका बसतोच, पण तो लगेच वीज तोडतो. पेटी ट्रॉलीत न ठेवता बोर्डाच्या टोकाला लावावी, म्हणजे मधली वायरही तिच्या राखणीत येते. दरवेळी 'टी' लिहिलेले बटण दाबून खटका पडतो का पाहावे. मात्र दुकानदार जनरेटरवर असेल आणि त्याचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसेल, तर या पेटीवर भरवसा नको. विचारून घ्यावे.

वायर तीन तारांची घ्यावी आणि पूर्ण उलगडून टाकावी. वेटोळ्यातली वायर स्वतःच तापते. जोड ओल्या जमिनीवर नको, तापीकाठी पहाटेचे दव पडते. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. कोमट लागला तरी काढावा. आणि बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे तार आहेच असे मानू नये. कित्येक ठिकाणी ते नुसते भोक असते. टेस्टरचा दिवा फेज दाखवतो, अर्थिंग दाखवत नाही.

कोणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका. आधी प्लग उपटा किंवा खटका पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा, आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात व भरभर दाबत राहा.