हॅटचे फोटो पुरे झाले!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय: अमेरिकेतल्या रँचचे आणि घोड्यांचे फोटो. तेच हो, जे निम्म्या ऑफिसच्या मॉनिटरवर वॉलपेपर म्हणून असतात. मावळतीचा सूर्य, मागून उजळलेली सोनेरी धूळ, उधळलेले दहा-पंधरा घोडे आणि कडेला हॅट घातलेला, ओठ घट्ट मिटलेला गोरा गडी. डेन्व्हरला आल्यापासून आमच्या कॅमेरावाल्या देसी मित्रांनी या फोटोंचा असा काही रतीब लावलाय की आता बोलल्यावाचून राहवत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: हे रँचवरच्या आयुष्याचे फोटो नाहीतच. या जाहिराती आहेत, आणि ज्यांच्या जिवावर रँच चालतात त्यांना फ्रेमबाहेर ठेवून त्या तयार होतात.

'जाहिरात' हा शब्द रागाच्या भरात वापरलेला नाही. १९४९ साली 'लाइफ' साप्ताहिकासाठी लिओनार्ड मॅकूमने टेक्सासमधल्या जेए रँचचा फोरमन क्लॅरेन्स हेली लाँग याचे फोटो काढले. खरा रँच, खरा राबणारा माणूस. एक फोटो थेट मुखपृष्ठावर गेला. पुढे १९५० च्या दशकात लिओ बर्नेट या जाहिरातवाल्याला मार्लबरो पुरुषांच्या गळी उतरवायची होती (त्याआधी ती बायकांची सिगारेट म्हणून विकली जायची!). काउबॉयची कल्पना त्याला लाँगच्या फोटोंवरून सुचली असं सांगतात. मग जगभर घोडे, धूळ आणि हॅट. त्या जाहिरातींत झळकलेले वेन मॅक्लॅरेन १९९२ साली आणि डेव्हिड मॅक्लीन १९९५ साली फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. कहर म्हणजे रिचर्ड प्रिन्स या कलाकाराने त्याच जाहिरातींचे पुन्हा फोटो काढले, आणि त्यातला एक २००५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १२ लाख डॉलरच्या वर विकला गेला. म्हणजे आधी फोटोवरून जाहिरात, मग जाहिरातीचा फोटो. आम्ही विकांताला जाऊन काढतो ती त्याची कितवी कॉपी म्हणायची?

आणि या कॉपीत मूळ माणसं पुसली गेली आहेत. 'रँच' हा शब्दच स्पॅनिश 'रांचो'वरून आलाय, 'लॅरिअट' 'ला रेआता'वरून आणि 'बकरू' 'वाकेरो'वरून. गुरं राखायची ही सगळी विद्या मेक्सिकन घोडेस्वारांची. जुन्या काउबॉइजपैकी साधारण चौथा माणूस कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. वॉलपेपरवर यातलं कोणी दिसतं का? असो, हा झाला इतिहास. आजचं बोलू.

गेल्या सप्टेंबरात आमची गँग वायोमिंगमधल्या एका रँचवर तीन दिवसांच्या फोटो वर्कशॉपला गेली होती. (नाव सांगत नाही, सगळीकडे साधारण तोच प्रकार असतो.) पहाटे आम्ही पंधरा जण ओढ्याकाठी गुडघ्यांवर. घोडे पाण्यातून पळवत आणले. छान. मग परत नेले आणि पुन्हा आणले, कारण कोणाचा तरी फोकस चुकला. असं पाच वेळा! तेवढ्यात मागच्या रस्त्यावर एक जुनाट पिकअप येऊन थांबली. रँचच्या मेंढ्या राखणारा माणूस पाण्याची टाकी भरायला आला होता, डोक्यावर बेसबॉल कॅप. आयोजक जोरात ओरडला, "गाडी हलव, फ्रेममध्ये येतेय!" तो बिचारा निमूटपणे मागे गेला.

दुपारी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये त्याच्याशी बोललो. पेरूमधल्या वानकायोकडचा. हजारेक मेंढ्या, दोन कुत्री, एक घोडा आणि राहायला चाकांवरची पत्र्याची खोली. व्हिसा? एच-२ए.

आता जरा कान टवकारा, कारण हे आपल्या घरातलं आहे. १९५२ च्या कायद्यात 'एच' हे अक्षर आलं. १९८६ साली त्यातून शेतमजुरांचा एच-२ए निघाला आणि १९९० साली आपला लाडका एच-१बी. एकाच बापाची लेकरं! दोघांचाही मुक्काम मालकाच्या कागदावर. फरक इतकाच की मेंढपाळाच्या नोकरीच्या कागदावर चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस हजर राहायचं असं लिहिलेलं असतं, आणि वायोमिंगसारख्या राज्यांत त्याचा पगार वर्षानुवर्षं महिना ७५० डॉलरच्या आसपास होता. २०१५ साली सरकारने नियम बदलले तेव्हा कुठे तो टप्प्याटप्प्याने वाढून साधारण दुप्पट झाला. आपल्याला कोणी 'स्वस्तातले कोडर' म्हटलं की आपण चार-चार पानी मेल लिहितो. आणि इथे आपल्याच व्हिसाभावाला "फ्रेममधून हल" म्हणतात आणि आपण शटर दाबत राहतो. याला काय म्हणायचं?

"अरे, ही कला आहे, पत्रकारिता नाही," असं एक मित्र म्हणाला. बरं. मग खाली 'रँच लाइफ' असं का लिहितोस बाबा? 'पाच टेकनंतरचे घोडे' असं लिही, माझी काही हरकत नाही. दुसरा म्हणाला, वर्कशॉपच्या पैशावर रँच टिकतात. हा मुद्दा खरा आहे. नुसत्या गुरांवर भागत नाही म्हणून अनेक रँच पाहुणे ठेवतात. पण पैसे मोजले म्हणून खोटं खरं होत नाही. आणि त्या पैशात घोड्यांना किती वेळा पळवायचं हे विचारायचा हक्कही येतो की नाही?

वेगळं करता येतं. इव्हलिन कॅमेरॉन ही इंग्लंडहून मोंटानात आलेली बाई. १८९४ साली तिने काचेच्या प्लेटवर फोटो काढायला सुरुवात केली. स्वतः गाई पिळायची, लाकडं फोडायची, घोडे वठणीवर आणायची, आणि फोटो विकून घराला हातभार लावायची. मेंढ्यांची लोकर कातरणारी टोळी, गुरांमागे घोड्यावर बसलेल्या बायका असे तिचे फोटो आजही बोलतात, कारण त्यात काम दिसतं.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. पुण्याबाहेर मेंढरं दिसली की धनगराच्या लाल पागोट्यावर टेलिलेन्स रोखणारे आपलेच भाऊबंद आहेत. धुळीचा रंग सगळ्यांना सांगता येतो. मेंढरं कुठून आली, कुठे चालली हे किती जणांनी विचारलेलं असतं?

तेव्हा माझ्या मागण्या तीनच. एक, प्रसंग मुद्दाम घडवून आणला असेल तर तसं स्पष्ट लिहा. दोन, फोटोतला माणूस काय काम करतोय ते लिहा, आणि त्याची हरकत नसेल तर नावही. तीन, तीन दिवसांतला एक दिवस तरी हॅट सोडून काटेरी तार ओढणारे, नाल ठोकणारे, गवताच्या गाठी उचलणारे हात टिपा. सूर्य काय, तो मावळणारच आहे रोज. कॅमेरा जरा दुसरीकडे वळवा.