निर्बंधांच्या आदेशांत मूल कुठे होतं?

ऑगस्ट 2021च्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रात दोन निर्णय पाठोपाठ आले. हॉटेलं, मॉल आणि व्यायामशाळा 15 ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत उघड्या ठेवायला परवानगी मिळाली. आणि 17 ऑगस्टपासून शाळा सुरू करण्याचा जो आदेश शिक्षण विभागाने काढला होता, त्याला स्थगिती मिळाली. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. पहिलीचं अख्खं वर्ष संपलं होतं आणि आपल्या शाळेचा वर्ग तिने अजून आतून पाहिलेला नव्हता.

स्थगितीला कारणं होती. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेची भीती होती, लहानांसाठी लस नव्हती, राज्याच्या कोविड टास्क फोर्समधल्या डॉक्टरांचा सल्ला सावध राहण्याचा होता. निर्णय घेणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या लाटेत ज्या घरांतून माणसं गेली, त्यांच्यासमोर निर्बंध नकोच होते असं म्हणायची माझी हिंमतही नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मी बँकेत नोकरी करते. परिपत्रक हातात आलं की ते कोणाला लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी कोण करणार, हे आधी पाहायची सवय आहे. त्या दोन वर्षांतले आदेश तसेच वाचले, तर दुकानं, कार्यालयं, लग्नं, अंत्यविधी, वाहनं या सगळ्यांचा तपशील सापडतो. मूल कोणाजवळ राहील, याचा तपशील सापडत नाही.

मुलांचा उल्लेख होता, तो एका वाक्यात. मे 2020च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दहा वर्षांखालची मुलं आणि 65 वर्षांवरच्या व्यक्तींनी अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडायचं नव्हतं. आम्ही डोंबिवलीत राहतो. माझी नोकरी अत्यावश्यक सेवेत, नवऱ्याची औषधांच्या कारखान्यात, म्हणजे तीही अत्यावश्यक. पाळणाघर मार्चमध्येच बंद झालेलं. घरात उरल्या सहा वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेल्या सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. ज्या दोघींना जपायचं, त्यांनीच दिवसभर एकमेकींना सांभाळायचं, अशी ती व्यवस्था झाली. माझ्या शाखेतल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या घरी हेच चित्र होतं.

पहिलीचा वर्ग जूनमध्ये मोबाइलवर सुरू झाला. घरात चालेल असा एकच स्मार्टफोन होता, तो माझा. मग फोन घरी ठेवून मी कामावर जाऊ लागले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शाखेच्या लँडलाइनवरून फोन करायचा, तर वर्ग चालू असला की सासूबाई तो घ्यायच्या नाहीत. घेतला तर वर्ग बंद पडे. वर्ग संपल्यावर त्या उलट फोन करून सांगत, आज बाईंनी ‘घर’, ‘नळ’ शिकवलं, पण पाटीवर काढलेलं नीट दिसलं नाही. चाळिशीचा चष्मा लावून सासूबाई पडद्यावरची अक्षरं कागदावर मोठी करून काढत आणि नात ती गिरवत असे. माझी मुलगी वाचायला शिकली ती अशी. ज्या घरात असा कागद काढून देणारं कोणी नव्हतं, तिथली मुलं कशी शिकली असतील, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

एप्रिल ते जून 2020 या तीन महिन्यांत महिलांच्या जनधन खात्यांवर केंद्राने दरमहा 500 रुपये जमा केले. ते काढायला आमच्या शाखेबाहेर सकाळी आठपासून रांग लागायची. मुलांना आत सोडायचं नाही, अशी सूचना गेटवरच्या रखवालदाराला होती आणि गर्दी पाहता ती योग्यच होती. पण घरी ठेवायला कोणी नाही म्हणून बायका मुलांना घेऊनच यायच्या. एकीने तीन-चार वर्षांच्या मुलाला गेटच्या लोखंडी जाळीला धरून उभं केलं, ‘इथंच धरून थांब’ म्हणाली आणि आत आली. काउंटरवर अंगठा उठेपर्यंत ती मागे वळून वळून बघत होती. हात खडबडीत झालेले, मशीन अंगठा घेईना. बाहेर मूल जाळी हलवत होतं. नियम पाळणारा रखवालदार चुकला नव्हता, ती बाईही चुकली नव्हती. चूक होती ती मुलाची सोय न सांगता मुलाला मनाई करणाऱ्या नियमात.

हीच चूक मोठ्या आदेशांतही दिसते. मे 2020च्या सुरुवातीला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी तिकडेच राहावं, 8 मेपासून रोजची ये-जा करू नये, असा आदेश काढला होता. शहरात सापडणाऱ्या रुग्णांत अशा लोकांची संख्या मोठी होती, म्हणून तो काढला गेला. विरोध झाला आणि तो बाजूला ठेवावा लागला. तो अमलात आला असता तर किती परिचारिका, सफाई कामगार, बेस्टचे वाहक आणि बँक कर्मचारी आपल्या मुलांपासून किती काळ तुटले असते, याचा हिशेब आधी व्हायला हवा होता. पुढे 21 ऑक्टोबर 2020 पासून सर्व महिलांना ठरावीक वेळांत लोकलने प्रवास करता येऊ लागला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. साधारण महिनाभरातच महिला प्रवाशांना लहान मुलं सोबत आणायला मनाई झाली. म्हणजे आई प्रवास करू शकत होती, पण मुलाला आजोळी नेऊन सोडू शकत नव्हती.

त्यात प्रत्येक शहराचा नियम निराळा. राज्याने चौकट द्यायची आणि तपशील स्थानिक प्रशासनाने ठरवायचा, ही पद्धत तत्त्वतः बरोबर आहे, कारण साथ प्रत्येक वॉर्डात सारखी नसते. पण मुंबई महानगर प्रदेशात घर एका महापालिकेत, नोकरी दुसरीत आणि मुलाची शाळा तिसरीत असं सर्रास असतं. जुलै 2020मध्ये आमच्या शहरात 2 तारखेपासून पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि ती 19पर्यंत वाढली, तेव्हा मुलुंडच्या माझ्या शाखेत कामकाज नेहमीसारखं चालू होतं. असे आदेश बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी कळत. व्यापाऱ्याला माल हलवायला एक दिवस लागतो हे प्रशासनाला समजतं. मुलाची सोय लावायलाही दिवस लागतो, हे कोणी गृहीत धरलं नाही.

शाळांच्या बाबतीत क्रमच उलटा लागला. 23 नोव्हेंबर 2020 पासून अनेक जिल्ह्यांत नववी ते बारावी सुरू झाली, 27 जानेवारी 2021 पासून मुंबईबाहेर पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट आली. 4 ऑक्टोबर 2021 पासून शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग, आणि शहरातल्या पहिली ते सातवीच्या मुलांची पाळी डिसेंबरमध्ये. जानेवारी 2022मध्ये ओमायक्रॉनमुळे काही आठवड्यांसाठी पुन्हा कुलूप. मोठ्यांच्या बोर्डाच्या परीक्षा असतात, त्यांना मास्क सांभाळता येतो, हे मान्य. पण पंधरा वर्षांचा मुलगा घरी एकटा राहू शकतो आणि पुस्तक उघडून वाचू शकतो. सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही जमत नाही. डेन्मार्कने 15 एप्रिल 2020ला शाळा उघडल्या त्या नेमक्या सर्वांत लहान मुलांच्या. इंग्लंडमध्ये शाळा बंद असतानाही अत्यावश्यक सेवेतल्यांच्या मुलांसाठी त्या चालू ठेवल्या होत्या. स्पेनने मुलांना सहा आठवडे घरात कोंडलं, पण 26 एप्रिल 2020 पासून रोज एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत, एका मोठ्या माणसासोबत बाहेर पडायची मुभा आदेशात लिहून दिली. आपली गर्दी आणि घरांचे आकार वेगळे आहेत. त्यांची नक्कल आपल्याला झेपणार नाही. मात्र मुलाचा विचार आदेशात लिहिता येतो, एवढं त्यावरून दिसतं.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत, असंही नाही. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी घरातल्या वस्तू घेऊन शिकण्याचे ते कार्यक्रम होते आणि आमच्यासारख्या एकाच फोनच्या घरांना त्यांचा फार आधार वाटला. अनेक शिक्षकांनी वस्त्यांवर, ओसरीवर, मंदिराच्या पारावर मुलं गोळा करून शिकवलं. तरीही नुकसान झालंच. ‘असर’ या ग्रामीण भारतातल्या शिक्षणाच्या पाहणीनुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं 2018मध्ये 27.3 टक्के होती, ती 2022मध्ये 20.5 टक्क्यांवर आली.

माझी मुलगी अखेर वर्गात बसली, तेव्हा तिला फळ्यावरून वहीत उतरवता येत नव्हतं. वर बघायचं, दोन शब्द लक्षात ठेवायचे, खाली लिहायचं, पुन्हा वर बघायचं. पहिलीत हे आपोआप होऊन जातं. तिच्या बाईंनी सांगितलं की अर्ध्या वर्गाचं असंच आहे, आणि पुढचे दोन महिने त्यांनी रोज पहिला तास फक्त यासाठी दिला. सहाव्या वाढदिवसाला घेतलेली सायकल सोसायटीच्या आवारात मनासारखी फिरवायला मिळाली, तोवर तिचे गुडघे हँडलला लागायला लागले होते. ही दोन वर्षं तिला परत मिळणार नाहीत. निदान पुढच्या मुलांच्या वाट्याला हे येऊ नये.

त्यासाठी मला चार गोष्टी हव्या आहेत. एक, निर्बंधांच्या प्रत्येक आदेशात मुलांबद्दल स्वतंत्र परिच्छेद असावा: कोणतं काम चालू राहणार आणि ते करणाऱ्यांची मुलं कुठे राहणार. दोन, प्रत्येक प्रभागात एक शाळा किंवा अंगणवाडी अत्यावश्यक सेवेतल्या पालकांच्या मुलांसाठी, कमी संख्येत आणि पूर्ण काळजी घेऊन, उघडी राहावी. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार फिरणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविकांनाही घरी लहान मुलं होती. तीन, मुलांना रोज मोकळ्या हवेत ठरावीक वेळ मिळावा आणि गृहनिर्माण संस्थांना तो नाकारता येऊ नये. चार, शाळा सर्वांत शेवटी बंद व्हाव्यात, सर्वांत आधी उघडाव्यात, लहान वर्गांपासून उघडाव्यात, आणि बंद करताना त्या कोणत्या अटीवर उघडतील हे त्याच आदेशात लिहिलेलं असावं.

यासाठी नवा कायदा लागत नाही. साथीतले बहुतेक निर्बंध ज्या कायद्यांखाली आले, त्यांतला एक 2005चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन आराखडा करणं आणि दरवर्षी त्याचा आढावा घेणं बंधनकारक केलं आहे. पूर, दरड, आगी यांच्यासोबत साथीच्या काळातल्या मुलांचं प्रकरण त्यात घालायला एका बैठकीपेक्षा जास्त काही लागू नये. पालक-शिक्षक संघांनी, महिला मंडळांनी आणि कर्मचारी संघटनांनी आपल्या जिल्ह्याचा आराखडा मागवावा आणि त्यात मुलांबद्दल काय लिहिलं आहे ते पाहावं. काहीच नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी, आणि ती आत्ताच करावी. साथ आल्यावर आदेश रातोरात निघतात. तेव्हा कोणाला विचारायला वेळ नसतो.