जास्त मते म्हणजे बहुमत नव्हे!

मागच्या सत्रात आमच्या होस्टेलला मेस सेक्रेटरीची निवडणूक झाली. उमेदवार तीन, मते पडली 100. दोघांचं म्हणणं, कंत्राटदार बदला. तिसऱ्याचं म्हणणं, आहे तोच बरा. बदल मागणाऱ्या दोघांना मिळाली 33 आणि 29, तिसऱ्याला 38. झालं! 62 पोरांना नवा कंत्राटदार पाहिजे होता, आणि आम्ही मात्र आजही तेच पाण्यासारखं वरण भुरकतोय. रात्री रूमवर एकजण म्हणाला, "काबे, मग चुकलं कोण?" मित्रांनो, पोरं नाही चुकली. मोजायची रीत चुकली.

हीच रीत आपण आमदार-खासदार निवडताना वापरतो. 2014 च्या विधानसभेला युती मोडली, आघाडीही मोडली, चारही पक्ष वेगवेगळे लढले. भाजपला राज्यात 27.8 टक्के मते मिळाली आणि 288 पैकी 122 जागा. मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या तर 80 च्या आसपास आल्या असत्या. मनसेला 3 टक्क्यांवर मते, जागा फक्त 1. प्रमाणात 9 तरी आल्या असत्या. दोष कोण्या एका पक्षाचा नाही. आज याला फायदा, उद्या त्याला.

गंमत म्हणजे या रीतीवर घटना समितीत ज्यांनी बोट ठेवलं, त्यातले एक आपल्याच यवतमाळ जिल्ह्याचे होते. वकील काझी सय्यद करिमुद्दीन. जानेवारी 1949 मध्ये त्यांनी दुरुस्ती सुचवली की, एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडा, आणि मतदाराला आपली सगळी मते एकालाच द्यायची मुभा द्या, म्हणजे अल्पसंख्याकांनाही वाटा मिळेल. डॉ. आंबेडकरांनी प्रमाणशीर पद्धतीला विरोध केला. देशात साक्षरता कमी आहे, आणि सभागृहाचे तुकडे पडले तर सरकार टिकणार नाही, ही त्यांची कारणं. त्या काळात ती खोटी नव्हती.

आज काय करायचं? न्यूझीलंडने 1993 ला जनमत घेतलं आणि 1996 पासून मिश्र पद्धत आणली. एक मत स्थानिक उमेदवाराला, एक पक्षाला. ऐकायला छान. पण नुसती पक्षाची यादी आली तर आमच्या बाभुळगावच्या कास्तकाराने पीकविम्यासाठी कोणाचं दार ठोठवायचं? यादीतल्या सतराव्या नावाचं? आपला माणूस ओळखीचा असावा, ही गावाची गरज खरी आहे.

म्हणून मला पसंतीक्रम जास्त पटतो. उमेदवारांपुढे 1, 2, 3 लिहायचं. कोणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील तर शेवटचा बाद, आणि त्याची मते दुसऱ्या पसंतीला जातात. आमच्या मेसला हे असतं, तर 29 वाला बाद होऊन 33 वाला आरामात पन्नाशी ओलांडून गेला असता. माणूस तोच, मते तीच, निकाल मात्र वेगळा!

ही पद्धत परदेशी नाही. आपल्या अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघात हीच चालते. अर्थात तिचेही हाल आहेत. 2 फेब्रुवारी 2023 ला सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली, आणि हजारो मते बाद ठरली. बाद कोणाची? आपल्यासारख्या शिकलेल्यांची! साक्षरता नाही म्हणून ज्या पद्धतीला नकार मिळाला, तिथे पदवीधरच नापास व्हावेत, याला काय म्हणायचं बाप्पा?

आणि आपल्याकडे पद्धत बदलतेही, पण सरकारच्या सोयीने. सरपंच 2017 ला थेट जनतेतून, 2020 ला सदस्यांतून, 2022 ला पुन्हा थेट. गावाला कोणी विचारलं?

तेव्हा दोन गोष्टी. पदवी मिळून 3 वर्षे झाली की अर्ज क्रमांक 18 भरून पदवीधर यादीत नाव घाला. ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुनं नाव आपोआप येत नाही. आणि दुसरी, वॉर्डन सरांना नम्र विनंती : पुढची मेसची निवडणूक 1, 2, 3 लिहून घेऊन बघा. मते मोजायला आम्ही रात्रभर जागू. एरवी तरी कुठे लवकर झोपतो?

– एक मेसग्रस्त, अंतिम वर्ष