नर्सला अडाणी म्हणण्याआधी



मागच्या महिन्यात आपल्यापैकी काहीजण जेवायला जमलो होतो. बोलता बोलता विषय कोविडच्या लशीवर गेला आणि एकजण म्हणाले, "बाहेरच्यांचं सोडा हो, पण हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी लस नाकारावी म्हणजे कमाल झाली. शुद्ध अंधश्रद्धा! अशांना तेव्हाच घरी पाठवायला हवं होतं." टेबलाभोवतीच्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, कारण बासुंदी अजून वाढायची होती. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी माझी बाजू स्पष्ट करते. मी इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. 2021 च्या जानेवारीत आमच्याकडे लस आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी दंड पुढे केला, नंतर इतरांना टोचलीसुद्धा. या लशीने असंख्य जीव वाचवले याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझं भांडण आहे ते "अंधश्रद्धा" या निदानाशी. निदान चुकलं की औषधही चुकतं, आणि इंग्लंडमध्ये ते चुकलंच.

त्या फेब्रुवारीत माझ्या हातात एक यादी देण्यात आली. ज्या कर्मचाऱ्यांनी अजून लस घेतली नव्हती त्यांना फोन करून कारण विचारायचं. दोन आठवडे मी हेच करत होते. मायक्रोचिपची गोष्ट सांगणारे दोघेच भेटले. बाकीच्यांनी काय सांगितलं? सफाई करणाऱ्या बायका कंत्राटदाराच्या नोकर. नाव नोंदवायची लिंक रुग्णालयाच्या ईमेलवर येत असे आणि त्यांना ते ईमेल खातंच नव्हतं! रात्रपाळीवाल्यांसाठी लसीकरणाची खोली नऊ ते पाच उघडी, म्हणजे त्यांच्या झोपेच्या वेळी. दुसऱ्या दिवशी ताप आला तर पगार कोण देणार, हा प्रश्न तर मला इतक्यांदा विचारला गेला की शेवटी मीच आधी सांगू लागले. त्या वर्षी कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता होता आठवड्याला 95.85 पौंड, आणि साध्या आजारपणात पहिले तीन दिवस तोही नाही. तासावर पोट असणाऱ्या बाईने हा हिशेब केला तर त्यात अंधश्रद्धा कुठे आली?

एक तरुण नर्स मूल होण्यासाठी प्रयत्न करत होती. तिच्याबद्दल "फेसबुकवर काहीतरी वाचून बसली आहे" असं मला आधीच सांगण्यात आलं होतं. पण डिसेंबर 2020 मध्ये सरकारी सल्लाच असा होता की गरोदर बायकांनी ही लस घेऊ नये. महिनाअखेरीस तो थोडा सैल झाला. एप्रिल 2021 मध्ये, "सर्व गरोदर बायकांना लस देऊ करा" असा नवा सल्ला आला. नवी माहिती आली की सल्ला बदलणारच, त्यात गैर काही नाही. पण सल्ला बदलत असताना थांबून बघणाऱ्या मुलीला अडाणी म्हणणं गैर आहे.

तसंच दोन डोसांमधल्या अंतराचं. 30 डिसेंबर 2020 रोजी ते तीन आठवड्यांवरून बारा आठवड्यांपर्यंत नेलं गेलं. निर्णय पुढे बरोबर ठरला, हे प्रामाणिकपणे मान्य करते. पण ज्यांच्या दुसऱ्या डोसची तारीख ठरलेली होती त्यांना ती रद्द झाल्याचं कळलं ते एका कोरड्या मेसेजवरून. कोविड वॉर्डात रोज उभं राहणाऱ्यांना समोर बसवून कारण सांगावं, एवढंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

आमच्या वॉर्डात जमैकाहून आलेल्या एक हेल्थकेअर असिस्टंट होत्या, पन्नाशी उलटलेल्या. त्या फोनवर म्हणाल्या, "डार्लिंग, मागच्या मार्चात मास्कच्या रांगेत मला शेवटी उभं केलं होतं. आता सुईच्या रांगेत एकदम पहिली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एप्रिल 2020 मध्ये गाऊन कमी पडू लागले तेव्हा सरकारी मार्गदर्शनानेच ते पुन्हा वापरायला किंवा त्याऐवजी एप्रन घालायला मुभा दिली होती. त्याच काळात कोविडने गेलेल्या पहिल्या दहा डॉक्टरांपैकी एकही गोरा नव्हता. आणि जमैकाहून आलेल्या माणसाला सरकारने अगत्याने यादीत पहिलं घातलं की काय आठवतं? 2018 मध्ये उघडकीला आलेलं विंडरश प्रकरण, ज्यात पन्नास-पन्नास वर्षं इथे राहिलेल्यांकडे कागद मागून त्यांना परकं ठरवण्यात आलं.

आता आकडे बघा. लेस्टरच्या रुग्णालयांतल्या सुमारे 19 हजार कर्मचाऱ्यांचा हिशेब फेब्रुवारी 2021 च्या सुरुवातीला झाला. गोऱ्यांपैकी जवळपास 71 टक्क्यांनी लस घेतली होती, दक्षिण आशियाई वंशाच्यांपैकी 58.5 टक्क्यांनी, कृष्णवर्णीयांपैकी फक्त 36.8 टक्क्यांनी. हा सगळा अज्ञानाचा प्रश्न असेल, तर एकाच रुग्णालयात अज्ञान कातडीच्या रंगाप्रमाणे कसं वाटलं गेलं?

अविश्वासाला इतिहासही असतो. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या वेळी पँडेमरिक्स नावाची लस घाईने आली. इंग्लंडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी साधारण 40 टक्क्यांनीच ती घेतली. पुढच्याच वर्षी स्वीडन आणि फिनलंडमधून बातम्या आल्या, की क्वचित काहींना तिच्यामुळे नार्कोलेप्सी होते, म्हणजे दिवसाढवळ्या आवरता न येणारी झोप. अशा बाधितांना इथे भरपाई मिळवायला काय दिव्य करावं लागलं! 1979 च्या कायद्याप्रमाणे आधी 60 टक्के अपंगत्व सिद्ध करा, मग एकरकमी 1 लाख 20 हजार पौंड. एका मुलाचं प्रकरण सरकारने अपील न्यायालयापर्यंत लढवलं आणि 2017 मध्ये ते हरलं. दुष्परिणाम दुर्मीळ होता, पण तो ज्याच्या वाट्याला आला त्याला कसं वागवलं हे जुन्या नर्सांनी पाहिलं होतं.

आणि हे काही इंग्लंडपुरतंच नाही. 16 जानेवारी 2021 रोजी भारतात लसीकरण सुरू झालं, त्याच दिवशी दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने पत्र दिलं, की आम्हाला कोवॅक्सिन नको, कोविशिल्ड द्या. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल येण्याआधीच कोवॅक्सिनला परवानगी मिळाली होती, आणि ती घेणाऱ्याकडून वेगळ्या संमतिपत्रावर सही घेतली जात होती. मुंबईत जे.जे. रुग्णालयाच्या वाट्यालाही हीच लस आली होती. पुढे मार्चमध्ये चाचणीचे अंतरिम आकडे आले आणि ते चांगले निघाले. पण जानेवारीत ते नव्हते, आणि त्या डॉक्टरांनी फक्त पुरावा मागितला होता. पुरावा मागा, प्रश्न विचारा, हे आपण दाभोलकरांचं नाव घेऊन सांगतो ना? मग पुरावा मागणाराच अंधश्रद्ध कसा?

यावर सरकारने काय केलं? सक्ती. 11 नोव्हेंबर 2021 पासून इंग्लंडच्या केअर होममध्ये लस न घेतलेल्याला कामावर बंदी. यामुळे सुमारे 40 हजार लोक नोकरी सोडतील असा सरकारचा स्वतःचाच अंदाज होता, तरीही! मग तीच सक्ती रुग्णालयांत 1 एप्रिल 2022 पासून येणार म्हणून जाहीर झालं. 31 जानेवारी 2022 रोजी आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी ती मागे घेत असल्याचं सांगितलं आणि 15 मार्चला केअर होमची सक्तीही रद्द झाली. ज्या बायकांसाठी दहा गुरुवार आपण दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणी तोवर निघून गेल्या होत्या.

"पण रुग्णांचं काय? हेपॅटायटिस बीची लस तर मुकाट्याने घेतात!" असं त्या दिवशी कुणीतरी म्हणालंच. रुग्णाचा हक्क मला मान्य आहे. अशक्त म्हाताऱ्यांना लस घेतलेल्या हातांनी भरवावं असंच मलाही वाटतं. पण हेपॅटायटिस बीची लस अनेक दशकांच्या अनुभवाची आहे, आणि ती नोकरीला लागतानाच ऑक्युपेशनल हेल्थची नर्स पगारी वेळेत, शेजारी बसवून देते. घोडं पेंड खातं ते इथेच.

2020-21 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी 76.8 टक्क्यांनी फ्लूची लस घेतली होती. 2023-24 पर्यंत हा आकडा 43 टक्क्यांच्या आसपास आला. सगळा दोष सक्तीचा असं मी म्हणणार नाही, थकवाही आहेच. पण ही तर जुनीच, ओळखीची लस. तिच्याकडेही लोक पाठ फिरवू लागले, त्याचं काय?

त्या जमैकाच्या बाईंनी लस घेतली, मार्च 2021 मध्ये. माझ्या आकडेवारीमुळे नाही. आमच्या वॉर्डच्या सिस्टरने त्यांना चहाला बसवलं, दुसऱ्या दिवशीची सुट्टी पगारी लिहून दिली आणि "तुमची पाळी मी बघते" म्हणाली. ताप आलाच नाही. त्या दिवसभर घरी झोपल्या आणि परवा येताना सिस्टरसाठी जिंजर केक घेऊन आल्या.

पुढच्या जेवणाला बासुंदी मी आणते. वाद तिथेच घालू.