रोलर ओढणाऱ्याच्या हातात चेंडू द्या



घोडेगावच्या बाजारात जनावर घेताना तुम्ही काय बघता? दात बघता, कास बघता, चार पावलं चालवून चाल बघता. मालक कोणत्या आळीतला आहे यावरून दुधाचा अंदाज कोणी बांधत नाही. हा चोख हिशेब आपण माणसाच्या बाबतीत मात्र विसरतो. क्रिकेटच्या मैदानावरही विसरतो. म्हणून आज पालवणकर बाळूची गोष्ट सांगायची आहे.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे घर पुण्यात आले. पोराने आधी पारशी मंडळींच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडली, रोलर फिरवला. मग पूना क्लबात चार रुपयांची नोकरी धरली. तिथे खेळपट्टीची निगा राखायची, जाळी बांधायची, टेनिसच्या रेघा आखायच्या आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. ग्रेग नावाचा नामांकित साहेब आपल्याला बाद केले की बाळूला आठ आणे देई, असे सांगतात. डाव्या हाताचा हा फिरकी गोलंदाज असा नोकरीतच तयार झाला.

आता यातली मातीची बाजू बघा. वाफसा म्हणजे काय ते तुम्हाला शिकवायला नको. पेरणीला जसा वाफसा लागतो तसाच रोलरलाही लागतो. ओल जास्त असेल तर माती रोलरला चिकटते, अगदी सुकली असेल तर दबत नाही. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश भरपूर. ती ओलीने फुगते, दाबली की घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते. त्या भेगांच्या कडांवर आणि सुट्या झालेल्या मातीवर पडलेला चेंडू वळतो. जी हरळी आपण शेतातून खणून काढतो, तीच खेळपट्टी बांधून धरते. रोज पहाटे रोलर ओढणाऱ्याला कुठे ओल राहिली, कुठे पापुद्रा सुटला, हे साहेबापेक्षा जास्त कळत असणार. ही विद्या बाळूला चार रुपयांच्या चाकरीत मिळाली.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांशी सामना खेळायचा होता. बाळूला घ्यावे की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतले, कारण जिंकायचे होते. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळ्यांनी हाताळला. चहाची वेळ झाली की त्याला मात्र चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, वेगळा. सामना तोच जिंकून देणार आणि कप त्याचा वेगळा! हे लिहिताना आजही लाज वाटते.

पुढे बाळू मुंबईला गेला. १९०६ साली हिंदू संघाने तिथे युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम दोघे होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूने सगळ्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तेव्हा त्याचे वय पस्तीस. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तोवर तो छप्पन्न वर्षांचा झाला होता. म्हणून कसोटीपटूंच्या यादीत त्याचे नाव सापडत नाही. हिंदू संघाचे कर्णधारपदही त्याला दिले गेले नाही. ते १९२३ साली धाकट्या विठ्ठलला मिळाले, तेही भावांनी मानासाठी भांडल्यानंतर.

तुम्ही म्हणाल, हे सव्वाशे वर्षांपूर्वीचे झाले. खरे आहे. आता मातीचे भांडे गेले. पण गावच्या स्पर्धेत मैदान साफ कोण करतो, चुना कोण टाकतो, काट्यात गेलेला चेंडू कोण आणतो आणि अकरात नाव कोणाचे लागते, ते एकदा नीट बघा. जी पोरे पहिल्या कामात आणि जी दुसऱ्यात, ती वेगवेगळ्या वस्त्यांची असतील तर आपण पूना क्लबापासून फार पुढे आलेलो नाही.

यावर उपाय अवघड नाही. खेळपट्टी बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद, म्हणजे पाऊण गुंठ्याच्याही आत. सहा इंच खोदा, गोटे वेचा, तलावातला चाळलेला काळा गाळ साडेतीन-चार ब्रास भरा, पाणी द्या आणि वाफशावर दाबा. वर हरळी लावा. सिमेंटच्या नळ्यात काँक्रीट भरून दांडा बसवला की रोलर तयार. भोवती मैदानाला अडीच-तीन एकर लागतील. गावाची मोकळी जागा अतिक्रमणात जाण्याआधी ग्रामसभेत विषय घ्या, भूमी अभिलेख खात्याकडून मोजून हद्दीचे दगड लावा आणि रीतसर परवानगी घेऊन मैदान राखा. पिकांच्या नोंदीइतकेच हे गावाचे काम आहे.

आणि ठरावात एक ओळ जरूर घाला. खेळणाऱ्या प्रत्येकाने आळीपाळीने रोलर ओढायचा, आणि रोलर ओढणाऱ्या प्रत्येकाला गोलंदाजीची पाळी मिळायची. सरपंचाचा पोरगा असो की वस्तीवरचा, रोलर दोघांनी ओढायचा. मग बघा, कोणाच्या हातात फिरकी आहे ते आपोआप कळेल. बियाणे सगळ्या रानात टाकून बघावे लागते. कोणते रान पिकणार हे बांधावर बसून ठरत नाही.