स्टार्च आणि जिलेटिनचा मध्य कोणता?
गोळी मऊ झाली तर पाकिटातच फुटते, फार कडक झाली तर पोटात वेळेवर विरघळत नाही. म्हणून दाब आणि भुकटी बांधून ठेवणारा पदार्थ दोन्ही तपासतात. 10 आणि 20 किलोन्यूटन दाबांचा मध्य 15; पण स्टार्च आणि जिलेटिनचा? निम्मे-निम्मे मिसळले, तर तो तिसराच पदार्थ! तेव्हा मधल्या दाबाच्या सहा चाचण्या परवडत असतील, तर दोन्हींवर तीन-तीन घ्याव्यात. खर्च वाचवायला सगळ्या स्टार्चवरच उरकणे मला घातक वाटते. दाबाबरोबर कडकपणा सरळ रेषेत वाढतोच असे नाही. पुढे तो थबकतो, कधी गोळीचा वरचा पापुद्राच सुटतो. जिलेटिनची गोळी कुठे थबकेल, हे स्टार्चची गोळी कशी सांगणार?