कुंपण कोणी घालायचे?

मुले मोबाईलवर काय पाहतात याकडे पालकांचे लक्ष नसते, अशी तक्रार पालकसभांतून सतत ऐकू येते. ती खोटी नाही. पण लक्ष ठेवण्यास वेळ कोणाकडे आहे, हा साधा प्रश्न तक्रार करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. चार घरची धुणीभांडी उरकून दिवेलागणीला परतणारी आई आणि १२ तासांच्या पाळीवर उभा असलेला पहारेकरी बाप, यांच्या घरी देखरेख कोणी करावी? २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा अशा कित्येक घरांनी उसनवारी करून फोन घेतला, कारण शाळाच फोनवर भरत होती. शाळा पुन्हा उघडल्या. फोन मुलांच्या हातीच राहिला.

अनोळखी इसम समवयस्क असल्याची बतावणी करून मैत्री जोडतो, छायाचित्र मागतो आणि मग त्याच्याच जोरावर धमकावतो. मूल लाजेने व माराच्या भीतीने गप्प बसते, आणि त्या मौनावर गुन्हेगाराचे बळ पोसते. दुसरा धोका प्रतिष्ठित कंपन्यांकडून आहे. मूल जे पाहून थबकले तेच त्याच्यापुढे पुनःपुन्हा वाढले जाते. कारण मूल जितका वेळ पडद्यापुढे, तितकी जाहिरातींची कमाई अधिक. ब्रिटनमधील एका १४ वर्षांच्या मुलीच्या २०१७ मधील मृत्यूस समाजमाध्यमांवरील मजकुराचा हातभार लागला, असा निष्कर्ष तेथील मृत्युचौकशी अधिकाऱ्याने २०२२ मध्ये नोंदविला. मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून गूगल व यूट्यूब यांना अमेरिकेत २०१९ साली १७ कोटी डॉलर भरावे लागले.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास लावण्याची मनाई केली आणि धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. कामगाराच्या आईने यंत्राशेजारी उभे राहावे, असे तो कायदा म्हणत नव्हता. हाच न्याय येथे का लागू नये? ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याचे दायित्व १० डिसेंबर २०२५ पासून कंपन्यांवर आहे. दंड कंपनीला, मुलाला वा पालकाला नाही. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे, हे स्वागतार्ह होय. परंतु त्यात सवलती देण्याचा अधिकार शासनाने हाती ठेवला आहे, आणि बाकी भिस्त पालकांच्या संमतीवर आहे. ज्या भाषेत अटी छापल्या ती भाषाच जिला वाचता येत नाही, तिची संमती म्हणजे केवळ कंपनीची सुटका!

फोन हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. तसे झाल्यास तो प्रथम मुलींच्या हातून जाईल आणि त्यासोबत त्यांचा अभ्यासही. मुलांची खाती परक्यांना मुळातच बंद असावीत, मराठीतील तक्रारीस कंपनीने ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे, आणि शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या नजरेखाली संगणक वापरता येईल अशी सोय प्रत्येक वस्तीत शासनाने करावी, ही आमची मागणी आहे. बालकांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिले जावेत. पालकांकडे मागणे एकच : चूक झाली तरी घरी सांगता येते, एवढा विश्वास मुलाला द्या. तेवढे वेळ नसलेल्या आईबापांनाही देता येते. उरलेले कुंपण मात्र ज्यांनी यंत्र उभारले आणि ज्यांनी ते चालू दिले, त्यांनीच घातले पाहिजे.